नळ बंद कर, सिस्टर

माझ्या पोटावर बेंबीखाली वीतभर लांब व्रण आहे. खालच्या टोकाला तो सरळ आहे आणि वर जाता जाता वेडावाकडा होतो, पहिलीतल्या पोरानं पट्टी सोडून ओढलेल्या रेघेसारखा. सरळ भाग डॉक्टरांच्या सुईचा. वाकडा भाग माझ्या जिभेचा. कसा, ते पुढे येईलच.

गेल्या महिन्यात माझी भाची ऑपरेशनसाठी नर्सिंग होममध्ये दाखल व्हायला निघाली. फोनवर म्हणाली, "मावशी, तू राहून आलीस. दवाखान्यात गेल्यावर काय काय बघायचं असतं?" मी म्हटलं, हात बघायचे. तिला वाटलं मी हस्तरेषांबद्दल बोलते आहे. म्हणून बसून हे लिहिते. इतकी वर्षं हे फक्त घरात माहीत होतं, तेही अर्धं.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि पाऊस लागोपाठ दोन वर्षं दगा देऊन गेला होता. माझे पती तहसीलमधून नव्या कलेक्टर कचेरीत बदलून आले होते. लातुरात आमची एक भाड्याची खोली होती, तिथे मी शनिवार-रविवारी जायची.

सहा महिने माझी पाळी आली की थांबायचं नाव घेत नव्हती. वर्गात खुर्चीवरून उठलं की आधी वळून खुर्ची बघायची, मग फळ्याकडे जायचं, अशी सवयच लागली. हेडमास्तर पुरुष, बाकीचे दोघे पुरुष, सांगणार कोणाला? सगळ्यात जास्त हाल कपडे धुण्याचे. माणशी दोन घागरी पाण्याच्या दिवसांत रक्ताचे कपडे कशात धुवायचे, हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नसतो. मी ते राखेत घोळून ठेवायची आणि शनिवारी पिशवीत भरून लातूरला न्यायची. एस. टी.त ती पिशवी मांडीवर घेऊन बसताना आपलं कोणीतरी वाईट केलं आहे असा राग यायचा. कोणाचा, ते कळायचं नाही.

शेवटी एकदा वर्गातच घेरी आली आणि हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट दाबलं, आतून तपासलं, हात पुसत म्हणाले, "गर्भाशयाला गाठ आहे. चांगली मोठी आहे. पिशवीच काढावी लागेल."

गाठ म्हणजे आमच्या घरी एकच. माझी मावशी छातीतल्या गाठीनं गेली होती. मी विचारलं, "तसलीच का?"

"काढल्यावर तपासायला पाठवू. तसं वाटत नाही."

तसं वाटत नाही. म्हणजे कसं वाटतं? हे तीन शब्द मी पुढचे पंधरा दिवस चघळत बसले. बाहेर आले तर हे रस्त्याच्या कडेला हातात दोन कप चहा घेऊन उभे.

"काय म्हणले?"

"गाठ हाय म्हणले."

हे आधी स्वतःच्या वाटचा चहा प्याले, मग माझ्या वाटचा प्याले, आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला. एरवी मी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी मी तो कप घेतला आणि टपरीवर नेऊन ठेवला.

*

नर्सिंग होमचं नाव लिहीत नाही. आता ते नाही, आणि डॉक्टर माणूस वाईट नव्हता. एक दोन मजली घर भाड्यानं घेऊन खाली तपासणी आणि ऑपरेशन, वर बायकांच्या सहा खाटा. जिल्हा झाल्यापासून लातुरात असे दवाखाने पटापट उघडत होते. पाट्या आधी रंगायच्या आणि पाण्याचा नळ नंतर यायचा. वर गच्चीवर एक टाकी होती, ती टँकरनं भरायची. टँकर दोन दिवसाआड यायचा, कधी तीन. प्यायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं. आमच्या खाटेखाली दोन कळश्या आणि एक पितळी तांब्या असा संसार मांडला.

मी दाखल झाले त्याच दुपारी घडलेली गोष्ट. कोपऱ्यात नळ होता, त्याखाली सुनंदा सिस्टर हात धूत होती. तिशीची, उदगीरची, कामाला वाघीण. कोपरापर्यंत साबण लावलेला आणि नळ धो धो सोडलेला. साबण चोळतानाही बंद केला नव्हता. मी खाटेवरून बघत होते. एक तांब्या गेला. दोन गेले. अर्धी कळशी गेली. माझ्या जिवाची तगमग व्हायला लागली.

"ए सिस्टर!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. "नळ बंद कर. टँकर काय तुझ्या बापाचा हाय का?"

सगळा वॉर्ड हसला. सुनंदाचा चेहरा उतरला. तिनं नळ बंद केला आणि तसाच साबण फडक्याला पुसला. "चुकलं बाई," म्हणाली.

मला काय वाटलं? बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

माझी आई विहिरीपासून दहा हात लांब घागर ठेवून उभी राहायची. कोणाला दया आली तर पोहरा काढून वरून ओतणार, तेव्हा आमच्या घरात पाणी. कधी कधी ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो, पण विहिरीच्या काठाला ते पुष्कळ वर्षं कळलं नाही. मी तिच्या पदराला धरून उभी असायची आणि कोणी पाणी सांडताना दिसलं की आईची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. ती बोटं अजून तिथेच आहेत. वाहता नळ मला आजही बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं नळाजवळ स्टुलावर एक एनॅमलचं तसराळं ठेवलं. त्यात सकाळी औषधाचं पाणी भरायचं आणि दिवसभर सगळ्यांनी त्यातच हात बुडवायचे. डॉक्टरही राउंडला आले की बुडवायचे. "छान केलंत," ते तिला म्हणाले. मीसुद्धा म्हणाले, "आता कशी शहाण्यासारखी वागलीस." दर सोमवारी पोरांची नखं तपासणारी मी. त्या तसराळ्याकडे बघून मला समाधान वाटत होतं.

*

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, तहान तेवढी आठवते. शुद्धीवर आले तेव्हा ओठ सोलपटले होते आणि हे ओल्या कापसानं ते पुसत होते. थेंब थेंब. मी बोट चावलं त्यांचं.

शेजारच्या खाटेवर रुक्मिण आली होती. वीस-एकवीस वर्षांची, शेतकऱ्याच्या घरची सून, माहेर तेलुगू मुलखाला लागून असलेल्या धर्माबादचं. पोट फाडून बाळंतपण झालेलं, पोरगी. दुखलं की "अम्मा" म्हणायची आणि सासूनं बघितलं की "आई गं" म्हणायची. सासूचं नाव केवळाबाई. उंच, वाळकी, हातात चांदीचे गोठ. आल्या आल्या मला विचारलं, "गाव कोन्तं? घर कोन्या आळीत?" मी आळी सांगितली. त्यांनी मान हलवली, खाटेखालचा आपला हंडा उचलला आणि वर खिडकीत नेऊन ठेवला, त्यावर झाकण, झाकणावर फडकं. मी तोंड फिरवून पडून राहिले. टाके ताजे होते, भांडायची ताकद नव्हती.

दवाखान्यातला दिवस हलत नाही. सकाळी सुया उकळत ठेवल्याचा वास, मग राउंड, मग ड्रेसिंग, मग पडून राहणं. दुपारी सगळ्यांचे कान रस्त्याकडे. मोठ्या गाडीचा आवाज आला की सहा खाटांवर सहा माना वर व्हायच्या. ट्रक निघाला की खाली. मी पडल्या पडल्या पंख्याची पाती मोजायची, ती तीनच होती, तरी पुन्हा मोजायची.

पाचव्या दिवशी मला थंडी वाजून ताप आला. सातव्या दिवशी ड्रेसिंग सोडलं तर वरच्या टाक्यांतून पू. डॉक्टरांनी चार टाके तिथेच उघडले. भूल नाही काही नाही. मी ओरडले तेव्हा रुक्मिणनं तिच्या खाटेवरून हात लांब करून माझा हात धरला. तिचा हात तापलेला होता.

त्याच दुपारी सोलापूरहून माझ्या गाठीचा रिपोर्ट आला. साधी गाठ. जिची पंधरा दिवस वाट बघितली ती बातमी, आणि मला धड आनंद करता येईना. हे मात्र जिन्यात जाऊन रडले, मला वाटतं, कारण परत आले तेव्हा मिशा ओल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणची जखम चिघळली. तिचा ताप माझ्यापेक्षा जास्त चढला. डॉक्टर म्हणाले, ताप उतरेपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही, जवळही द्यायचं नाही. केवळाबाई पोरीला वाटी-चमच्यानं दूध पाजायच्या. ती चमचा थुंकायची आणि रडायची, आणि रुक्मिणचं झंपर ओलं व्हायचं.

*

पडून असलेल्या माणसाला बाकी काही नसतं, डोळे असतात. मी बघायला लागले. सुनंदा आली, माझी पट्टी सोडली, पुवानं भरलेला बोळा चिमट्यानं काढला, बोटानं कडा पुसली. मग तसराळ्यात हात बुडवला, फडक्याला पुसला, रुक्मिणकडे गेली. तसराळ्यातलं पाणी दुपारपर्यंत राखाडी झालं होतं. वर तवंग. त्यात आता माझा पू होता, आणि माझ्या आधीची पहिल्या खाटेवरची बाई, आणि तिच्या आधीची कोण जाणे कोण.

शाळेत मीच शिकवायची की, साचलेल्या पाण्यात हात धुणं म्हणजे मळ वाटून घेणं. चौथीच्या धड्यात होतं. आणि ही बाई वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, कोपरापर्यंत हात धूत होती, तेव्हा मी तिचा बाप काढला होता.

रुक्मिण वीस वर्षांची. ती वाचली नाही तर? दुसरा विचार माझ्या डोक्यात येईना. कूस बदलता येत नव्हती, उठता येत नव्हतं. पायाचे अंगठे चादरीला घासून घासून सोलले.

मी बोलले असते का, माहीत नाही. त्याच्या आधी डॉक्टरच बोलले. तिसरी जखम बिघडल्यावर ते वॉर्डातच सुनंदावर कडाडले.

"ड्रेसिंगच्या आधी हात धुता का नाही?"

"धुते सर."

"ह्या पाण्यात? हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सुनंदानं एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग जमिनीकडे. "कोनी न्हाई सर."

"उद्या किल्ल्या आणून द्या आणि घरी बसा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. हे शेजारीच बसले होते, त्यांनी माझा दंड धरला. डॉक्टर खाली गेल्यावर हळूच म्हणाले, "सुशीला, मधी पडू नको. आपलं पोट त्यांच्या हातात हाय. रागावले तर काय करायचं? जीप बघून राहिलो मी, नांदेडला जाऊ. आक्का हाय तिथं, मोठा सरकारी दवाखाना हाय."

"आन् ही?" मी रुक्मिणकडे बोट केलं.

"तिची मानसं हायत की."

"आन् सिस्टर?"

"तू आधी बरी हो ना बाप्पा!" ते एवढ्या जोरात म्हणाले की बाळ जागं झालं. आमच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं झाली होती, पहिल्यांदाच ते माझ्यावर असे ओरडले. त्यांचं चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. ते घाबरले होते. मीही घाबरले होते, फक्त माझ्या भीतीला दोन तोंडं होती.

*

सकाळी सुनंदा साध्या लुगड्यात किल्ल्या द्यायला आली. डॉक्टर राउंडवर होते.

"सर, थांबा," मी म्हणाले. "नळ बंद करायला हिला मी सांगितलं."

"बाई, तुम्ही पेशंट आहात. आराम करा."

"पेशंट हाय म्हणूनच बोलते. सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. हिच्या बापाचा उद्धार केला. विचारा कोणालाही."

दवाखान्यात डॉक्टरांसमोर कोण बोलतं? मग माझ्या शेजारून आवाज आला. "हाव. म्हणली मास्तरीण. लोकं सांगून राहिले होते, लई हसले मनून." केवळाबाई. खरं बोलताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता सुटलेच होते, तर म्हटलं, "आणि सर, त्या तसराळ्यात तुम्हीपण हात घालता. रोज."

यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी आपल्या हातांकडे बघितलं. गोरा माणूस, कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं आता मलाही घरी बसवणार. पण ते चिडून, अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मग मी काय करू, सांगा तुम्ही! नळ सोडला तर संध्याकाळी ऑपरेशनला पाणी नाही. जिल्हा केला, पाणी कोण देणार?"

हे खरं होतं. हातात काहीतरी हवं म्हणून मी उशाशी ठेवलेला तांब्या चाळवत होते. आणि आई आठवली. घागर दहा हात लांब, आणि वरून पडणारी धार. सांडलेलं पाणी परत कधी कोणाच्या पोहऱ्यात जायचं नाही, याची केवढी काळजी घ्यायचे ते लोक!

"वरून ओता," मी म्हणाले. "एकानं तांब्यानं ओतायचं, एकानं धुवायचं. साबण चोळताना ओतायचं नाही. घाण पाणी बादलीत. अर्ध्या तांब्यात होतं. ओतायला आमची माणसं रिकामीच बसलीत."

डॉक्टरांनी बाह्या वर केल्या आणि बादलीवर हात धरले. यांना मी डोळ्यांनी खुणावलं. कलेक्टर कचेरीतला हा भिडस्त माणूस उठला आणि धार धरली.

"बादलीतलं संडासला कामी येईन," केवळाबाई म्हणाल्या.

सुनंदा राहिली. माझे आभार वगैरे तिनं मानले नाहीत. तीन दिवस कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी पट्टी बांधता बांधता म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी म्हणलात म्हनून मला वाटलं तेच बरोबर असंल. शिकवलेलं इसरले." टाके उघडले तेव्हा दुखलं त्याहून हे जास्त दुखलं. मी म्हटलं, "चुकलं बाई." ती हसली नाही, पण पट्टी जरा सैल केली.

*

माझा ताप उतरला. रुक्मिणचा उतरेना. नांदेडची जीप आता तिच्यासाठी बघायचं चाललं होतं. मी दर तासाला विचारायची, किती आहे? शेवटी सुनंदानं तापाचा कागद माझ्याच खाटेला अडकवला, घ्या आणि बघत बसा म्हणाली. हात न धुता कोणी तिच्या खाटेजवळ गेलं की मी खेकसायची. लोकांनी मला नवीन डॉक्टरीण म्हणायला सुरुवात केली.

वरून ओतून हात धुवायला लागल्यापासून सहाव्या सकाळी पारा खाली आला. दुपारीही खालीच राहिला. डॉक्टर म्हणाले, "द्या पोरगी आईजवळ."

रुक्मिण रडायलाच लागली. केवळाबाई झोळीकडे धावल्या आणि मध्येच थांबल्या. हात धुवायचे होते. त्यांनी खिडकीतला हंडा उतरवला, वाकवून बघितला. कोरडा. टँकर तीन दिवस आला नव्हता, नळालाही थेंब नव्हता. सगळ्या वॉर्डात पाणी होतं ते माझ्या खाटेखाली.

मी खाटेच्या कडेला उठून बसले. यांनी तांब्या भरून दिला. "हात पुढं करा," मी म्हणाले.

केवळाबाई तांब्याकडे बघत राहिल्या.

"अत्त्या, धुवा की हो," रुक्मिण म्हणाली. पोरगी रडत होती.

त्यांनी हात पुढे केले. दोन्ही एकत्र, ओंजळ. माझ्या आईचे व्हायचे तसेच. मी तांब्या वाकडा केला, आणि थांबले. हे मी कोणाला कधी सांगितलं नाही. मी मुद्दाम थांबले. आई जेवढी थांबली त्याचा शंभरावाही हिस्सा नसेल, पण ती बाई माझ्यापुढे ओंजळ धरून उभी होती आणि मी तिला उभी राहू दिलं. मला वाटलं होतं, फार बरं वाटेल. ती सारखी झोळीकडे वळून बघत होती, गोठ एकमेकांवर वाजत होते. तिला माझी नाही, नातीची घाई होती.

मी ओतलं. साबण चोळेपर्यंत थांबले, पुन्हा ओतलं. तांब्या रिकामा झाला.

"झालं," मी म्हणाले.

केवळाबाईंनी हात मागे घेतले नाहीत. उजेडात धरून बघितले. "आनखी घाल, मास्तरीण. नखात राहिलं."

कळशी तळाला गेली होती. मी यांना दुसरी काढायला सांगितली.

"ती उद्याला प्यायची हाय," हे म्हणाले.

"ओता," मी म्हणाले.